पाणी कुठे मुरतंय? जुनी मोटारहोम निवडताना

आमच्या घरात पाच माणसं. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक, सात वर्षांचा धाकटा आणि माझी आई. तंबूतलं कॅम्पिंग आम्ही बरीच वर्षं केलं. मग आईच्या गुडघ्यांनी साथ सोडली. तिला घरी ठेवून आपण चौघांनी डोंगरात जाऊन राहायचं, हे मला काही केल्या पटेना. मोटारहोमचा, म्हणजे आतच झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीचा, विषय घरात निघाला तो त्यामुळे. नवी घेणं आवाक्याबाहेर होतं, म्हणून जुनीच बघायची हे पहिल्यापासून पक्कं होतं.

शोध, तपासणी आणि निवड यात बरेच महिने गेले. ते सगळं सविस्तर लिहितेय, कारण आम्ही सुरुवात केली तेव्हा जाहिरातींत गाद्या, पडदे आणि चकचकीत ओटे तेवढे दिसायचे. ज्या दोन गोष्टींवर सगळा निर्णय अडतो, त्यांचा फोटो कोणी टाकत नाही. एक म्हणजे पाणी: गाडीच्या भिंतीत, छतात, तळात ते शिरलंय का? दुसरी म्हणजे वजन: आपण सगळे सामानासकट बसल्यावर तेवढा भार घ्यायची गाडीला मुभा आहे का? बाकी बरंचसं बदलता येतं, दुरुस्त करता येतं, नाहीतर चालवून घेता येतं.

गाड्या बघायला जाण्याआधी आम्ही एक मोटारहोम भाड्याने घेतली. कोणी मला विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी हेच सांगते. मित्राच्या गाडीत तासभर बसून किंवा प्रदर्शनात फिरून जे कळत नाही, ते भाड्याच्या गाडीत पहिल्याच रात्री कळतं. आमच्या नशिबाने त्या मुक्कामात पाऊस लागला आणि पाचही जणांना दिवसभर आत बसावं लागलं. झोपायला सहा जागा असलेल्या त्या गाडीत एकाच वेळी आरामात बसायला चारच जागा होत्या. पाचव्याने कुठेतरी पलंगाच्या काठावर टेकायचं. ओले बूट आणि रेनकोट ठेवायला दाराशी जागाच नव्हती.

सगळ्यात मोलाची गोष्ट कळली ती पलंगांबद्दल. जेवणाचं टेबल खाली करून, त्यावर गाद्या जुळवून जो पलंग होतो, तो रोज रात्री मांडावा लागतो आणि रोज सकाळी मोडावा लागतो. त्यावर मुलांना झोपवलं, तर मुलं झोपल्यावर मोठ्यांना बसायला जागा उरत नाही. त्यावर आईला झोपवलं, तर तिला मुलांच्या गोंधळात ताटकळावं लागतं. त्या रात्री आमचा नियम ठरला: जो सगळ्यात शेवटी झोपतो, त्यानेच मांडायच्या पलंगावर झोपावं. म्हणजे मी आणि नवरा. मुलांना आणि आईला कायम तयार असलेले पलंग हवेत, आणि आईचा पलंग जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीवर, संडासाच्या दारापासून दोन पावलांवर हवा. एवढं ठरलं आणि बाजारातल्या निम्म्याहून अधिक गाड्या आपोआप यादीतून गेल्या. मधोमध ऐसपैस पलंग असलेल्या, दोघांसाठी बनवलेल्या देखण्या गाड्या किती दिसतात! त्यांचा मोह तिथेच सुटला.

दुसरी चाळणी सीटबेल्टची. झोपायच्या जागा आणि प्रवासात बसायच्या जागा हे दोन वेगळे आकडे असतात, आणि जाहिरातीत बहुधा पहिलाच मोठ्या अक्षरांत असतो. सहा जण झोपू शकतील अशा गाडीत बेल्टच्या जागा चारच असणं अगदी सर्रास आहे. आम्हाला पाच हव्या होत्या, आणि पाचही पुढे किंवा मागे तोंड केलेल्या. बाजूला तोंड करून बसायच्या बाकावर चालत्या गाडीत मूल बसवायची माझी तयारी नव्हती. धक्का बसला तर अशा बाकावरचा बेल्ट शरीराला नीट धरत नाही. शिवाय बेल्ट नुसता दिसून भागत नाही. मी प्रत्येक गाडीत बाकाची गादी उचलून खाली बघत असे. बेल्ट जिथे अडकवलाय ती चौकट लोखंडी आहे का, ती थेट चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, जोडलीय का, की प्लायवूडच्या खोक्याला बोल्ट मारलेत? गाडी पहिल्यांदा जशी बनून आली त्यानंतर कोणी घरच्या घरी वाढवलेली जागा असेल, तर तिचं नाव नोंदणीच्या कागदात नसतं. धाकट्याच्या बूस्टर सीटची मला काळजी नव्हती. पण ज्यांचं मूल लहान आहे आणि ज्यांच्या चाइल्ड सीटला जमिनीवर टेकणारा पाय आहे, त्यांनी त्या पायाखालची जमीन ठोकून बघावी. मोटारहोममध्ये तिथे पुष्कळदा सामानाचा पोकळ कप्पा असतो, आणि पोकळीवर टेकवलेला पाय अपघातात आत जातो.

आता पाण्याबद्दल.

मोटारहोमची घराची बाजू म्हणजे बहुतेक वेळा सँडविचसारख्या पत्र्यांचं खोकं. बाहेरून ॲल्युमिनियम किंवा फायबरग्लास, मध्ये फोम, आतून पातळ प्लाय, आणि जुन्या गाड्यांत मधूनमधून लाकडी पट्ट्या. दोन पत्रे जिथे भेटतात तिथे लांबीसारखा मऊ, चिकट मसाला भरतात, वरून धातूची पट्टी लावतात आणि ती स्क्रूने आवळतात. मसाला वर्षानुवर्षं ऊन खाऊन सुकतो. रस्त्यावर खोकं सतत पिळवटतं आणि सांधे किंचित हलतात. मग एखाद्या स्क्रूच्या भोकातून, छतावरच्या खिडकीच्या कडेने, मागच्या दिव्याच्या बुडातून, गाडीच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छत्रीच्या पन्हळीतून थेंब थेंब पाणी आत जायला लागतं. आतून ते लगेच दिसत नाही. लाकडी पट्टीच्या आधाराने ते सरकत जातं आणि शिरलं तिथून हातभर लांब, कधी त्याहून दूर, उगवतं. डाग दिसेपर्यंत आतलं लाकूड भुसभुशीत झालेलं असतं. चालकाच्या डोक्यावर पलंग असलेल्या, अल्कोव्ह म्हणतात त्या गाड्यांत समोरच्या कपाळाचा सांधा सर्वांत नाजूक, कारण धावत्या गाडीवर पाऊस तिथे आदळतो.

मी ओलावा मोजायचं छोटं मीटर विकत घेतलं. ते कसं वापरायचं ते शिकायला वेळ लागतो, पण शिकण्यासारखं आहे. दोन सुया टोचणारं मीटर अचूक असतं, मात्र भिंतीला बारीक भोकं पडतात, म्हणून मालकाची परवानगी घ्यायची आणि कपाटाच्या आतल्या, नजरेआडच्या जागी टोचायचं. बिनसुयांचं मीटर भिंतीवर नुसतं टेकवायचं असतं, पण मागे धातूची पट्टी असेल तर ते उगाच मोठा आकडा दाखवतं. लाकडाच्या ओलाव्याचा आकडा १५ टक्क्यांच्या खाली असला की मी पुढे सरकत असे. १५ ते २० असेल तर त्या जागेवर नजर ठेवायची. २० च्या वर गेला की पाणी कुठून येतंय त्याचा छडा लावल्याशिवाय पुढची बोलणी नाहीत. ३० च्या आसपास आकडा आला तर आतलं लाकूड कुजत असण्याची शक्यता बरीच. सुटा आकडा फारसं सांगत नाही. त्याच गाडीतल्या दहा-बारा जागा मोजायच्या आणि कुठली जागा बाकीच्यांहून वेगळी बोलते ते बघायचं.

एक गाडी आम्हाला फार आवडली होती. आतून उजेडी, मागे दोन मजली बर्थ, पाच बेल्ट, सगळं आमच्या यादीप्रमाणे. लेकीने वरची बर्थ मनातल्या मनात आपली करून टाकली होती. मी मीटर घेऊन पुढून सुरुवात केली. १२, १३, १२, १३. छताच्या खिडकीभोवती १४. मागच्या कपाटात कपड्यांच्या दांडीखाली १३. मग खालच्या बर्थची गादी उचलली आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात, भिंत आणि तळ मिळतात तिथे, सुया टेकवल्या. २४. चार बोटं खाली सरकवलं, ३१. त्या जागी अंगठ्याने दाबलं तर भिंत आत गेली आणि सावकाश परत वर आली. वरचं गुळगुळीत आवरण कोरडं, स्वच्छ पुसलेलं, आणि आत काही नाही. बाहेर जाऊन त्याच कोपऱ्याकडे बघितलं. दिव्याच्या कडेने पांढऱ्या सिलिकॉनची ताजी रेघ ओढलेली होती, बाकीच्या गाडीवर कुठेही नसलेली. मालक म्हणाले, "मागच्या वर्षी थोडं पाणी आलं होतं, मी लगेच बंद केलं." ते खरंही असेल. पण बाहेरून भोक बुजवलं की आत अडकलेलं पाणी बाहेर यायला वाट उरत नाही, आणि लाकूड कुजायचं थांबत नाही. अशी दुरुस्ती नीट करायची तर आतली भिंत उघडायची, कुजलेलं काढायचं, सुकू द्यायचं, नवीन लाकूड बसवायचं आणि मग बाहेरच्या पट्ट्या काढून नवा मसाला भरायचा. त्या कामाचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने डोळ्यांत येण्यासारखा असतो, आणि उघडल्यावर किती निघेल ते आधी कोणीच छातीठोक सांगू शकत नाही.

लेक हिरमुसली. मी तिला तो कोपरा दाबून बघायला दिला. "आई, हे ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतंय," ती म्हणाली. नंतरच्या प्रत्येक गाडीत ती माझ्यासोबत गुडघ्यांवर बसून कोपरे दाबत राहिली, आणि तिचा हात माझ्याहून पक्का झाला.

तळाचीही अशीच गोष्ट. दारापाशी आणि ओट्यासमोर, जिथे सगळ्यात जास्त वावर असतो, तिथे टाच आणि मग चवडा असा दाब देत हळूहळू चालायचं. जमीन पायाखाली झुलली किंवा कुरकुरली तर तळाच्या सँडविचचे थर सुटायला लागलेत असं समजावं. थर सुटणं सुरुवातीचं असेल तर भोकं पाडून त्यात राळ भरतात आणि ते टिकतंही. कुजलेलं असेल तर तो उपाय नाही. आणि नाक वापरा. बंद गाडीचं दार उघडल्यावरचा पहिला वास हा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार. अत्तराची कुपी लटकवलेली दिसली की मी दारं-खिडक्या लावून गाडी थोडा वेळ बंद ठेवायला सांगत असे आणि मग पुन्हा आत जात असे.

वजनाचं प्रकरण कागदावर सुरू होतं. चेसिसवर एक छोटी पाटी असते. तिच्यावर गाडीचं कमाल मंजूर वजन आणि पुढच्या-मागच्या आसांची, म्हणजे चाकांच्या जोड्या बसवलेल्या दांड्यांची, वेगवेगळी मर्यादा लिहिलेली असते. अनेक देशांत साध्या कारच्या परवान्यावर ३५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, म्हणून असंख्य मोटारहोम त्या आकड्यावर बेतलेल्या असतात, मग त्या भरल्यावर त्यात बसोत की न बसोत. दुसरा आकडा म्हणजे चालू स्थितीतलं वजन. युरोपीय मोजणीत त्यात चालकाचे ७५ किलो आणि ९० टक्के इंधन धरलेलं असतं. या दोन आकड्यांतली वजाबाकी म्हणजे तुमच्या वाट्याला आलेलं वजन.

एका गाडीचा हिशेब आम्ही तिच्याच टेबलावर बसून केला, तो असा. कमाल ३५००, चालू स्थितीत ३११०. उरले ३९०. चालक सोडून आम्ही चौघे मिळून १७५. उरले २१५. छत्री ३०, जादा बॅटरी २५, दोन्ही मूळ वजनानंतर बसवलेल्या. उरले १६०. पाण्याची टाकी १०० लिटरची, पण बनवणाऱ्याने वजनात २० लिटरच धरलं होतं. टाकी भरली तर आणखी ८० किलो गेले. उरले ८०. त्यात पाच जणांचे कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडी, पाच खुर्च्या, बाहेरचं टेबल, शिधा, वीजजोडणीची लांब केबल, मुलांच्या सायकली. बसत नाही. टाकी अर्धी ठेवून, सायकली घरी ठेवूनही जेमतेम. गाडी कोरडी ठणठणीत होती, मालक सज्जन होते, आणि तरी ती आमच्यासाठी नव्हती. दोघांच्या कुटुंबाला तीच गाडी उत्तम झाली असती.

मागच्या आसाचं गणित तर आणखी डोकं चालवायला लावतं. मोटारहोमचा मागचा भाग चाकांच्या पुष्कळ मागे लोंबत असतो. तिथे टांगलेलं वजन तरफेसारखं काम करतं. समजा पुढच्या-मागच्या चाकांत ४ मीटर अंतर आहे, आणि मागच्या चाकांच्या २ मीटर मागे स्टँडसकट ६० किलोच्या सायकली टांगल्यात. मागच्या आसावर ६० नव्हे, ९० किलो वाढतात, आणि पुढचा आस ३० किलोंनी हलका होतो. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत ओल्या गवतावरून निघताना हेच ३० किलो भोवतात, चाकं जागीच फिरत बसतात. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा आस मर्यादेबाहेर, असं सहज होऊ शकतं. म्हणून वजनकाट्यावर गाडी अख्खी आणि मग एक-एक आस, असं दोन्ही करून घ्यायला हवं. विकणाऱ्याला काट्यावर यायची विनंती करायला संकोच वाटतो. मी ती प्रत्येकाला केली, आणि ज्यांना काही लपवायचं नव्हतं ते हसत आले.

इंजिन आणि चाकांबाबत मी थोडक्यात सांगते, कारण तिथे चांगला मेकॅनिक सोबत असणं पुरतं. बऱ्याच मोटारहोमच्या पोटात फियाट डुकाटो असते. तीच गाडी प्यूजो बॉक्सर आणि सिट्रोएन जंपर या नावांनीही विकली जाते, त्यामुळे सुटे भाग आणि जाणकार दोन्ही मिळणं सोपं. माझं मत एवढंच की कमी धावलेल्या गाडीवर भाळू नये. वर्षातले अकरा महिने उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक गंजतात, हँडब्रेक चिकटतो, रबरी सील सुकतात. इंजिनातल्या टायमिंग बेल्टला किलोमीटरइतकीच वर्षांचीही मर्यादा असते, आणि वीस हजार किलोमीटरवाल्या दहा वर्षांच्या गाडीत तो बदलायची आठवण कोणाला राहिलेली नसते. मी दरवर्षी थोडी थोडी चाललेली, पावत्यांची फाइल असलेली गाडी जास्त मानते.

टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी खोल आणि रबर आठ-नऊ वर्षांचं, ही जोडी मोटारहोममध्ये वारंवार भेटते. उभ्या गाडीचा भार सतत झेलणारं जुनं रबर भर वेगात फुटलं तर काय होईल, हे मुलं मागे बसलेली असताना वेगळं सांगावं लागत नाही. सगळ्याच चाकांच्या तारखा बघा, जिथे मागे जोडचाकं आहेत तिथे आतल्यांच्याही.

गॅसला मात्र मी घाबरून असते आणि त्याची मला लाज नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून गॅसच्या कप्प्याला आणि गाडीच्या तळाला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. एका गाडीत थंडी लागते म्हणून ती गालिच्याखाली झाकलेली होती, आणि मालकांना ती कशासाठी असतात ते माहीत नव्हतं. रबरी नळीवर छापलेली तारीख बघायची, रेग्युलेटरचं वय विचारायचं, जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचं, आणि शेवटचा तपासणी दाखला मागायचा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, आणि बटण दाबल्यावर बोंबलतो का, तेही. थंडीत फिरणाऱ्यांनी सिलिंडरमध्ये काय आहे ते माहीत करून घ्यावं: ब्युटेनचा वायू होणं शून्य अंशाच्या आसपास थांबतं, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतो.

फ्रीजची परीक्षा पाच मिनिटांत होत नाही. जुन्या मोटारहोममधला फ्रीज बहुधा शोषण पद्धतीचा असतो, गॅसवर, गाडीच्या बॅटरीवर आणि घरगुती विजेवर असा तिन्हींवर चालणारा. त्यात कॉम्प्रेसर नसतो. उष्णता देऊन अमोनियाचं द्रावण फिरवलं जातं आणि त्यातून गारवा येतो. १९२२ मध्ये स्टॉकहोममध्ये बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी तो बनवला. आगीवर बर्फ होतो हे धाकट्याला इतकं आवडलं की तो प्रत्येक मालकाला फ्रीजची ज्योत दाखवायला सांगायचा. असा फ्रीज गार व्हायला कित्येक तास लागतात आणि तो सपाटीवर उभा लागतो. म्हणून मी भेटीच्या आदल्या रात्रीच फोन करत असे: "काका, आज रात्री फ्रीज गॅसवर लावून ठेवाल का?" सकाळी आत हात घालून बघायचं, एवढीच परीक्षा.

आतल्या बॅटरीसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. चार्जिंग काढून काही तास झाल्यावर १२.७ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. नंतर सगळे दिवे आणि पंप तासभर चालू ठेवून पुन्हा मोजायचं. झपाट्याने घसरली तर बॅटरी थकलीय. ही किरकोळ गोष्ट, बदलता येते. पाणी तापवणारा बॉयलर मात्र भरून, तापवून, खाली वाकून गळतो का ते बघाच. थंडीत पाणी न काढता उभी ठेवलेली गाडी असेल तर बर्फाने आतली टाकी फाटलेली असू शकते, आणि ते कोरड्या बॉयलरवर कळत नाही.

शेवटी जी गाडी घेतली ती दिसायला यादीत सगळ्यात मागे होती. जुन्या धाटणीची अल्कोव्ह, तपकिरी कपाटं, गडद लाल गाद्या. एका वयस्क जोडप्याची. त्यांनी दरवर्षी केलेल्या ओलाव्याच्या तपासणीचे कागद क्रमाने लावून ठेवले होते, प्रत्येक कागदावर गाडीचा नकाशा आणि त्यावर हाताने लिहिलेले आकडे. माझ्या मीटरचे आकडे त्यांच्या शेवटच्या कागदाशी जवळजवळ जुळले, सगळे १५ च्या आत. एका छताच्या खिडकीपाशी काही वर्षांपूर्वी १८ लिहिलेलं होतं, त्याखाली दुरुस्तीची नोंद आणि पुढच्या वर्षी १३. तो एक कागद माझ्यासाठी कुठल्याही चकाकीहून मोठा होता. ज्या माणसाने १८ लिहून ठेवलं, त्याने बाकीचंही लिहिलं असणार.

अल्कोव्हमध्ये मुलं, जाळी लावून. मागे खालच्या बर्थवर आई, तिच्या पायांपासून संडासाचं दार हाताच्या अंतरावर. टेबलाच्या पलंगावर आम्ही दोघं. वरची बर्थ सध्या अंथरुणांसाठी, कारण तिच्यावर भाराची मर्यादा लिहिलेली आहे आणि लेकीला तिथे हलवायचं तेव्हा ती उपयोगी पडेल. प्रवासात खालची बर्थ उचलून उभी करता येते, आणि मुलांच्या दोन्ही सायकली आत, जमिनीवरच्या कड्यांना बांधून उभ्या राहतात. मागे टांगायचा प्रश्नच मिटला. आईने आत शिरल्यावर पहिली पायरी मोजली, मग दांडी धरून चढून बघितलं, आणि तिथेच बसून घेतलं. "पायरी उंच आहे, खाली एक घडीची पायरी लागेल," म्हणाली. ती आम्ही घेतली.

खरेदीआधी आम्ही दोन वेगळे तपासनीस आणले. गाडीच्या मेकॅनिकला घराची बाजू कळत नाही आणि घराची बाजू बघणाऱ्याला इंजिन कळत नाही, एकावर दोन्ही टाकू नये. चेसिसचा क्रमांक कागदांशी ताडला, गाडीवर कर्ज शिल्लक नाही याची खात्री केली. चेसिसचं वर्ष आणि वरचं घर बांधलं ते वर्ष यांत एखाद्या वर्षाचा फरक असू शकतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त सुटे भाग मागवताना दोन्ही वर्षं माहीत हवीत. घासाघीस फारशी झाली नाही. चारही टायर जुने होते, टायमिंग बेल्टची मुदत जवळ आली होती, गॅसची नळी बदलायची होती. ही तीन कामं कागदावर मांडली, त्यांनी तेवढी रक्कम कमी केली.

पहिल्या मुक्कामाआधी टायर, बेल्ट, नळी आणि रेग्युलेटर बदलून घेतले. अल्कोव्हच्या कपाळाची पट्टी सुकत आली होती, गळत नव्हती तरी काढून नवा मसाला भरून घेतला. मीटरच्या नोंदींचा त्यांचा नकाशा मी तसाच पुढे चालवतेय, त्याच जागा, त्याच क्रमाने.

मग सगळं भरून, पाचही जण बसून, टाकी भरून वजनकाट्यावर गेलो. पुढचा आस १४७० किलो, मागचा १९१०, मर्यादा १८५० आणि २०००. एकूण ३३८०, कमाल ३५००. घरी येऊन छतावरची मोठी पेटी काढून टाकली. ती तिथे असली की भरली जातेच. काट्यावर शिल्लक दिसलेल्या १२० किलोंना आम्ही हात लावत नाही. मुलं वाढताहेत, आणि त्यांच्या सायकलीही मोठ्या होतील.